सरळ करून दिलेला चिमटा

दिवे घाट उतरताना सायकलीचे हँडल थरथरते आणि सावकाश वळताना बुटाचे टोक पुढच्या मडगार्डला लागते, अशा दोन तक्रारी घेऊन जूनच्या आरंभी एक निवृत्त बँक अधिकारी माझ्या कार्यशाळेत आले. आषाढीपूर्वी पंढरपूरच्या सायकलवारीला जायचे असल्यामुळे त्यांना घाई होती. महिनाभरापूर्वी हडपसरच्या सिग्नलपाशी पुढची रिक्षा अचानक थांबली आणि त्यांचे पुढचे चाक तिच्या मागच्या बाजूवर आदळले. ते पडले नाहीत, कोणाला लागले नाही, रिक्षावाल्याशी दोन शब्द होऊन प्रकरण जागेवरच मिटले. एका दुकानाने नवी रिम टाकून दिली, मागे वाकलेला चिमटा (पुढचे चाक धरणारा फोर्क) सरळ करून दिला आणि मागच्या टोकापासून हेडच्या नळीवरून (फ्रेमच्या पुढच्या टोकाची, चिमटा धरणारी उभी नळी) दोरा फिरवून फ्रेम सरळ असल्याचा निर्वाळाही दिला. पुढे थरथर सुरू झाली, तेव्हा त्याच दुकानाने चाक आऊट असल्याचे (म्हणजे वाकडे फिरत असल्याचे) सांगून दोनदा चाक बांधले.

थरथरीची कारणे पुष्कळ असू शकतात. हेड ढिले असते, चाक आऊट असते, पुढच्या कॅरियरवर ओझे एका बाजूला असते. बूट मडगार्डला लागण्याचे कारण मात्र फार थोड्या गोष्टींत सापडते. बूट, पायडल आणि क्रँक यांपैकी काहीच बदललेले नसेल, तर चाकच मागे सरकलेले असले पाहिजे. चिमटा सरळ करून चाक जागेवर आणलेले असूनही ते मागे असेल, तर मागे गेली आहे ती चिमटा धरणारी हेडची नळी. ही तक्रार त्या दुकानातही सांगितली गेली होती आणि “तुमचा बूट मोठा आहे, काका” असे उत्तर मिळाले होते. ज्या माणसाने त्या सायकलीवर तीस-पस्तीस वर्षे घालवली आहेत, त्याला आपला बूट कुठपर्यंत पोहोचतो हे ठाऊक असते. गिऱ्हाइकाचे बोलणे पुरते ऐकून न घेण्याची ही सवय आमच्या धंद्यात फार आहे.

सायकल साधी नव्हती. त्यांच्या थोरल्या बंधूंनी इंग्लंडहून आणलेली, लग (नळ्यांच्या जोडावरच्या पोलादी खोळी) बसवून ब्रेझिंग केलेली, म्हणजे नळ्या न वितळवता दुसरा धातू वितळवून जोडलेली, जुनी टूरिंग फ्रेम होती आणि सीटच्या नळीवर रेनॉल्ड्स ५३१ चे हिरवे-सोनेरी लेबल अर्धवट शिल्लक होते. १९३५ साली बाजारात आलेले हे मँगेनीज-मॉलिब्डेनमचे पोलाद आहे. त्याच्या नळ्या टोकांना साधारण ०.८ ते ०.९ मिमी जाड आणि मध्ये ०.५ ते ०.६ मिमीपर्यंत पातळ असतात. बाहेरचा व्यास सगळीकडे सारखा राहतो, जाडी आतून बदलते. समोरून धक्का बसला की अशी नळी लगपाशी वाकत नाही. लगच्या मागे, जिथे जाड भाग संपून पातळ भाग सुरू होतो, तिथे ती पोटाकडून दबते.

मी तिथेच बोट फिरवले. हेडपासून पायडलांकडे उतरणाऱ्या खालच्या नळीच्या पोटाकडे, लगपासून चार-पाच सेंटिमीटरवर, एक आडवी वळी हाताला लागली. डोळ्यांना ती दिसत नव्हती, कारण केबल आणि धुळीने तो भाग झाकलेला होता. दिवा तिरका धरल्यावर रंगावर केसासारख्या बारीक रेघा दिसल्या. दांडीच्या, म्हणजे वरच्या आडव्या नळीच्या, पोटाकडेही त्याच अंतरावर किंचित फुगवटा होता, पण तिथला रंग अखंड होता.

दोऱ्याच्या चाचणीविषयी इथे लिहिणे भाग आहे, कारण त्या एका चाचणीवर अनेक दुकाने निर्धास्त राहतात. दोरा दोन्ही बाजूंनी सीटच्या नळीपासून सारख्या अंतरावर गेला, तर मागचा भाग डावीकडे किंवा उजवीकडे गेलेला नाही एवढेच सिद्ध होते. समोरून आदळलेल्या सायकलीची विकृती फ्रेमच्या उभ्या प्रतलात होते, आणि त्या प्रतलात दोऱ्याला काहीच कळत नाही. मी दोरा लावला तेव्हा दोन्हीकडचा फरक अर्ध्या मिलिमीटरपेक्षाही कमी आला. त्या दुकानाचे माप बरोबर होते. समोरच्या धक्क्याचा प्रश्न त्यातून सुटणारच नव्हता.

मी टूलरूममध्ये बरीच वर्षे काम केले असल्यामुळे सरफेस प्लेट (मापनासाठीचा अगदी सपाट पाट) आणि व्ही-ब्लॉक (गोल वस्तू धरणारा खाचेचा ठोकळा) हे माझे आवडते साहित्य आहे. सगळे सुटे भाग काढून फ्रेम प्लेटवर बांधली आणि खालच्या नळीच्या न वाकलेल्या भागाला स्टीलची पट्टी टेकवली. सरळ भागाची रेषा पुढे वाढवली की वळीच्या पुढचा तुकडा तिच्यापासून किती ढळला आहे ते मोजता येते. या रीतीने मूळ कोन जुन्या कॅटलॉगवाचूनही काढता येतो. हेडची नळी मुळात ७२ अंशांवर होती आणि आता साडेत्र्याहत्तरच्या जवळ उभी राहिली होती. दीड अंश ऐकायला क्षुल्लक वाटतो. हेडच्या नळीची रेषा जमिनीला जिथे टेकते आणि चाक जिथे टेकते, त्या दोहोंमधल्या अंतराला ट्रेल म्हणतात, आणि वेगात हँडल आपोआप सरळ राहते ते बव्हंशी त्याच्यामुळे. या सायकलीचा ट्रेल माझ्या हिशोबाने ५८ मिमीवरून ४९ वर आला होता. उतारावर हँडल चंचल व्हायला एवढा फरक पुरतो.

चिमट्याचा प्रकार मात्र मला अधिक क्लेशदायक वाटला. धक्क्याने चिमट्याचे पाय वरच्या बाजूला, क्राऊनच्या (दोन्ही पाय जिथे जुळतात त्या भागाच्या) खाली वाकतात. त्या दुकानाने ते खालच्या निमुळत्या भागात पुढे ओढून चाकाचा आस बरोबर जागी आणला होता. बाजूने पाहिले तर पायांना दोन उलटसुलट वळणे पडलेली होती. आस जागेवर आला, चाक फिरले, गिऱ्हाईक पैसे देऊन गेले. वाकलेला चिमटा हा अपघाताचा पहिला पुरावा असतो. तो किती आणि कुठे वाकला यावरून मागच्या नळ्यांवर किती भार गेला असेल याचा अंदाज बांधता येतो. कोणतेही माप न लिहिता तो सरळ करणे म्हणजे पंचनाम्याआधीच जागा धुऊन काढणे होय. ते दुकान लबाड आहे असे मी मानत नाही. सरळ करून मागितले, त्याने सरळ करून दिले. मोटारीची नोंदणी असते, विमा असतो, सर्वेक्षक येतो. सायकलीबाबत कागदावर काहीच उरत नाही, आणि म्हणून तिच्या प्रत्येक अपघाताला किरकोळ म्हणण्याची आपल्याला सवय झाली आहे.

चिमटा मी बाद केला, कापून दोन तुकडे करून मगच भंगारात टाकला आणि एक इंची आट्याच्या स्टेमचा नवा क्रोमोली (क्रोम-मॉलिब्डेनम पोलादाचा) चिमटा मिळवला. खालची नळी बदलायची हेही ठरले. शेजारच्या वर्कशॉपवाल्याने नळीवर पट्टी ठेवून सीओटू वेल्डिंग मारण्याचा सल्ला दिला होता, परंतु ५३१ ला वेल्डिंग मानवत नाही, जोडाशेजारी ती ठिसूळ होते. तिला ब्रेझिंगच हवे. भोसरीच्या एका विक्रेत्याकडे २८.६ मिमी व्यासाची, सगळीकडे ०.९ मिमी जाडीची क्रोमोली नळी मिळाली. मूळ नळीपेक्षा ती जड होती, पण वाढलेले वजन शंभर ग्रॅमच्या आत राहिले.

जुनी नळी लगच्या मागे कापली आणि लगमध्ये व बॉटम ब्रॅकेटमध्ये (क्रँकचा आस बसतो त्या भागात) राहिलेली टोके एकेक करून तापवून काढली. जुने जोड पितळेचे होते आणि पितळ ९०० अंश सेल्सियसच्या आसपास वितळते, म्हणून शेजारच्या जोडांवर ओली चिंधी गुंडाळून ज्योत फिरती ठेवावी लागली. नवे जोड मी चांदीच्या कांडीने केले. ती ६५० अंशांच्या आसपास वाहू लागते, त्यामुळे शेजारचे पितळी जोड जागचे हलत नाहीत. लगच्या आतले जुने पितळ कानशीने आणि पॉलिश पेपरने पूर्ण काढले, कारण चांदीला नळी आणि लग यांच्यामध्ये जेमतेम ०.१ मिमी फट लागते. फ्लक्स (जोड स्वच्छ ठेवणारे रसायन) पाण्यासारखा स्वच्छ झाला, कांडी एका बाजूला टेकवली आणि चांदी लगच्या दुसऱ्या कडेला बारीक रेघेसारखी उमटली. त्या जोडाचा मला अभिमान आहे.

माझ्या मनात अजून घोळते आहे ती दांडी. खालची नळी निघालेली असताना हेडची नळी थंड अवस्थेतच पुन्हा ७२ अंशांवर ओढून आणली, म्हणजेच दांडी एकदा अपघातात आणि एकदा माझ्या हाताने उलट दिशेला वाकली. फुगवट्यावरचा रंग काढून डाय पेनिट्रंट (चिरेत शिरून ती दाखवणारा लाल रंग) लावले. पांढऱ्या डेव्हलपरवर लाल रेघ उमटली नाही. मायक्रोमीटरने त्या जागी उभा व्यास २५.३ आणि आडवा २५.५ मिमी भरला, मूळ व्यास २५.४. एका वळणाने पोलाद मोडत नाही, दोननेही सहसा नाही, आणि वरची नळी अशा धक्क्यात मुख्यतः ताणाखाली असते. ती बदलायची तर सीटच्या लगचा जोड तापवावा लागला असता. मागच्या वरच्या दोन नळ्या तिथेच येतात, आणि मग अखंड असलेला मागचा भागही मला नव्याने जुळवावा लागला असता. जे निर्दोष आहे ते उघडू नये हा टूलरूममधला नियम मी इथे लावला. तरी जिथे जाडी बदलते नेमक्या त्याच जागी नळी दोनदा वाकली आहे, आणि धातूच्या थकव्याची चीर पहिल्या दिवशी कधीच दिसत नाही, हेही मला माहीत आहे. माझ्या ओळखीच्या एका जाणत्या फ्रेमकाराने दोन्ही नळ्या बदलाव्यात असेच सांगितले असते.

हे सगळे मी काकांना सायकल देताना सांगितले आणि कागदावर लिहूनही दिले. दांडीच्या त्या भागावर रंग न देता पारदर्शक लॅकर दिले आहे, म्हणजे चीर किंवा गंज आला तर तो त्यांच्याही नजरेस पडेल. ते वारी करून आले; हँडल स्थिर होते आणि बूट लागत नव्हता. परतल्यावर घेतलेले माप २५.३ आणि २५.५ च होते. दिवाळीपूर्वी ते पुन्हा घ्यायचे आहे. कोणत्याही बाजूने ०.१ मिमीचा फरक दिसला किंवा पेनिट्रंटने बारीकशी रेघ दाखवली, तर दांडी बदलायची आणि त्या कामाची मजुरी मी घ्यायची नाही, असे आमच्यात ठरले आहे.