तुम्ही विचारलंत म्हणून: ओल असलेलं व्हिक्टोरियन टेरेस घर घ्यावं का?

इंग्लंडमध्ये पहिलं घर शोधणारे हे हमखास विचारतात. बजेटात बसणारं घर १९०१ च्या आधीचं, रांगेतलं असतं आणि पाहणीत ओल निघालेली असते. घ्यावं की सोडावं?

नुसत्या ओलीवरून सोडू नका. ती कुठून येते ते आधी शोधा.

या घरांच्या भिंती भरीव विटांच्या, साधारण ९ इंची, मध्ये पोकळी नसलेल्या. सांधे चुन्याचे. पावसाचं पाणी थोडं आत मुरतं आणि त्याच चुन्यातून वाळून जातं. मधल्या एखाद्या मालकाने सांधे सिमेंटने भरले की ही वाट बंद होते. ओल विटेत अडकते, थंडीत गोठते आणि विटेचे पापुद्रे सुटू लागतात. म्हणून बाहेरून बघताना करडे, टणक सांधे आणि त्यांच्या कडेला झिजलेल्या विटा आधी शोधा.

मग खाली बघा. तळमजल्याची फळ्यांची जमीन पोकळीवर असते आणि त्या पोकळीत हवा खेळावी म्हणून बाहेरच्या भिंतीत तळाशी जाळीच्या विटा, म्हणजे एअरब्रिक, बसवलेल्या असतात. मागच्या अंगणात फरशीवर फरशी चढवून त्या बुजवलेल्या असतील, तर वाशांची टोकं भिंतीत कुजतात. बाहेरची जमीन भिंतीतल्या ओलरोधक थराच्या किमान १५० मिमी खाली हवी. आत खिडकीजवळ टाचा उचलून धप्पकन टेका. जमीन जास्त लचकली तर खालचे वासे तपासून घ्या.

वरच्या मजल्यावर ओल असेल तर ती जमिनीतून आलेली नाही. फुटकी पन्हळ, सरकलेली स्लेट, नाहीतर धुराड्याभोवतीचा फाटलेला शिशाचा पत्रा, बहुधा यांतलं काहीतरी असतं.

फुकट तपासणी करून देणाऱ्या, स्वतःच ओल रोखायचं रसायन विकणाऱ्या कंपनीच्या अहवालावर विसंबू नका. त्यांच्या हातातला ओल मोजायचा मीटर मुळात लाकडासाठी बेतलेला असतो. भिंतीतल्या क्षारांनीही त्याचा आकडा चढतो. भिंतीला भोकं पाडून रसायन भरायच्या आधी पन्हळ, जमिनीची पातळी आणि एअरब्रिक नीट करा. जाड भिंत वाळायला काही महिने लागतात, तेवढे द्या.

बँकेचं मूल्यांकन म्हणजे सर्व्हे नव्हे. लेव्हल ३ चा, म्हणजे सगळ्यात सविस्तर, सर्व्हे स्वतः पैसे देऊन करून घ्या. खालच्या खोलीतला धुराड्याचा फुगवटा काढलेला आणि छपरावर धुराडं मात्र उभं, असं दिसलं तर वरच्या विटांना आधार काय दिलाय ते विचारा आणि बिल्डिंग कंट्रोलचा, म्हणजे काम बांधकाम नियमांप्रमाणे झाल्याचा, दाखला मागा. स्लेटऐवजी काँक्रीटची कौलं घातली असतील तर माळ्यावर जाऊन वासे वाकलेत का बघा, कारण ती कौलं बरीच जड असतात. यातून जो खर्च निघेल त्याचे लेखी अंदाज घ्या. करार एक्सचेंज होईपर्यंत, म्हणजे तो दोघांवर बंधनकारक होईपर्यंत, किमतीवर बोलता येतं.

आपल्या लोकांसाठी एक गोष्ट फार महत्त्वाची. एप्रिल २०२५ पासून पहिल्या घराला ३ लाख पौंडांपर्यंत स्टॅम्प ड्युटी नाही, त्यापुढे ५ लाखांपर्यंत ५ टक्के. किंमत ५ लाखांच्या वर गेली की सवलतच नाही. पण 'पहिलं घर' म्हणजे जगात कुठेही पहिलं. पुण्यात तुमच्या नावावर कधीकाळी फ्लॅट होता, तो विकला असला किंवा वारशाने आला असला, तरी सवलत जाते. दोघं मिळून घेत असाल तर एकाच्या नावावर असला तरीही. आणि तो अजून तुमचाच असेल, तुमच्या हिश्श्याची किंमत ४०,००० पौंड किंवा जास्त असेल, तर बहुधा वर आणखी ५ टक्के भरावे लागतात. हे सॉलिसिटरला ऑफर देण्याआधीच सांगा.