३३० हर्ट्झचा फरक आणि वरची हवा

गेले तीन आठवडे एकाच कामामागे आहे: सुमारे ५०० किमी उंचीवरच्या एका छोट्या उपग्रहाचं ४३७ मेगाहर्ट्झचं बीकन (तो सतत पाठवत असलेला ओळख-सिग्नल) रेकॉर्ड करायचं आणि टीएलईवरून, म्हणजे उपग्रहाच्या कक्षेच्या प्रकाशित आकड्यांवरून, काढलेल्या डॉप्लर वक्राशी (उपग्रह जवळ येताना आणि दूर जाताना वारंवारिता कशी बदलेल त्याच्या आलेखाशी) ताडून बघायचं. वातावरणाची खूण त्यात सापडते का, हा प्रश्न.

पहिल्या आठवड्यात ४०० हर्ट्झचा फरक आला, पण पासभर (उपग्रह आकाशातून जाईपर्यंत) सारखाच. तो रिसीव्हरची वारंवारिता ठरवणाऱ्या क्रिस्टलचा. १ पीपीएम (दहा लाखांत एक) चूक म्हणजे इथे ४३७ हर्ट्झ. तो वजा केला आणि वक्र जुळले.

मग भूचुंबकीय वादळ (सूर्यामुळे पृथ्वीच्या चुंबकीय क्षेत्रात उठणारी खळबळ) आलं. टीएलई मी मुद्दाम आठवडाभर जुनीच ठेवली होती. या वेळी क्षितिजाजवळ फरक जवळजवळ शून्य, आणि उपग्रह डोक्यावर असताना तब्बल ३३० हर्ट्झ!

आधी आयनांबरावर (वातावरणाच्या वरच्या, विद्युतभारित थरावर) संशय घेतला. पण हिशेब मांडला तर या वारंवारितेवर त्याचा वाटा एखाद-दोन हर्ट्झचाच निघतो. उलट डोक्यावरच्या पासात मधोमध डॉप्लर दर सेकंदाला सुमारे १६० हर्ट्झने उतरतो. म्हणजे ३३० हर्ट्झ याचा अर्थ उपग्रह सुमारे २ सेकंद आधी आला. संगणकाचं घड्याळ तपासलं, बरोबर होतं. त्याच रेकॉर्डिंगला वादळानंतरची ताजी टीएलई लावली, तर फरक गेला.

कारण वरच्या विरळ हवेत आहे. वादळात ती तापून फुगते, ५०० किमीवरही दाट होते आणि उपग्रहाला अडवते. अडवल्यावर तो मागे पडेल असं वाटतं, पण होतं उलटंच: कक्षा खाली सरकते, प्रदक्षिणेचा वेळ घटतो आणि उपग्रह लवकर उगवतो. मला हे फार सुंदर वाटतं. मी हवेचा परिणाम लहरींवर शोधत होतो, तो सापडला उपग्रहाच्या वाटेवर.

तपांबरामुळे (वातावरणाच्या सर्वांत खालच्या थरामुळे) लहरी क्षितिजाशी साधारण अर्धा अंश वाकतात, तेवढा सिग्नल काही सेकंद आधी मिळायला हवा. पण माझ्याकडे त्या दिशेला इमारती आहेत, त्यामुळे ते राहिलं.

आयनांबर मात्र सोडणार नाही. त्याचा विलंब वारंवारितेच्या वर्गाच्या व्यस्त प्रमाणात असतो. त्यामुळे दोन वारंवारितांची तुलना केली की त्याचा वाटा वेगळा काढता येतो. म्हणूनच जुने ट्रान्झिट (अमेरिकेचे दिशादर्शन) उपग्रह १५० आणि ४०० मेगाहर्ट्झवर एकाच वेळी प्रसारण करत. आता १४५ आणि ४३५ मेगाहर्ट्झ या दोन्ही पट्ट्यांत बीकन असलेला उपग्रह शोधतोय. दुसरी यागी अँटेना बांधून झाली आहे, फक्त दोन्ही रिसीव्हर एकाच क्रिस्टलवर चालवायचे आहेत.