आमची वाटचाल : पालवी आधी, मुळं मागून

आमच्या नर्सरीचं पहिलं भांडवल म्हणजे तोडून टाकलेलं एक कुंपण. फायकस मायक्रोकार्पाची झाडं कुंपणासाठी लावलेली, पण वेळच्या वेळी छाटायचं राहून गेलं. ती पार डोक्यावर गेली तेव्हा मालकांनी बुंध्याशीच करवत लावली. मी आणि दादा तिथे कुंड्या पोचवायला गेलो होतो. मनगटापासून दंडापर्यंत जाडीच्या फांद्यांचा ढीग पडलेला, प्रत्येक कापातून पांढरा चीक गळतोय. दादा म्हणाला, "एवढं जाड लाकूड कसलं जगतंय?" मी म्हटलं, वड, पिंपळ, उंबर यांचं भावंड आहे, बघू तरी लावून. टेम्पो परत रिकामाच जाणार होता, तो भरून आणला.

बोन्साय बियांपासून किंवा पेन्सिलीएवढ्या काडीपासून करायला घेतलं, की बुंधा भरायलाच दहा-पंधरा वर्षं सहज जातात. फायकसमध्ये हा हिशोब उलटा मांडता येतो. जाड लाकडाला एकही पान नसलं तरी सालीखालून नवे डोळे फुटतात आणि खालच्या कापाच्या कडेने मुळं सुटतात. म्हणजे बुंधा आयता, फांद्या आणि शेंडा नंतर घडवायचा. हे मला तेव्हा फक्त ऐकून माहीत होतं, हाताने एकदाही केलेलं नव्हतं.

पहिल्या खेपेचे बहुतेक खुंट तीन आठवड्यांत फुटले. हिरवी, तकतकीत पालवी. आम्ही हुरळलो आणि महिन्याभरात त्यातले काही विकूनही टाकले.

मग एक काका कुंडी काखेत घेऊन आले. काही न बोलता त्यांनी खुंट दोन बोटांत धरून वर उचलला. तो मातीतून अलगद बाहेर आला. खालचा काप आम्ही करवतीने कापला होता तसाच, एक मूळ नाही. "ताई, तुम्ही मला काठी विकलीत," एवढंच म्हणाले. मला अजूनही तो काप डोळ्यांसमोर दिसतो.

पहिली पालवी ही खोडात साठलेल्या पिष्टावर फुटते. मुळांशी तिचा काही संबंध नसतो. ती शिदोरी संपेपर्यंत मुळं सुटली तर झाड, नाहीतर पानं एका आठवड्यात माना टाकतात. काकांचे पैसे परत केले, आणि त्या घाबरगुंडीत आम्ही दुसरी चूक केली. राहिलेला प्रत्येक खुंट उपटून पाहिला. ज्यांना नुकतीच मुळं सुटत होती त्यांचीही मोडली. नवं मूळ पांढरं आणि काचेसारखं ठिसूळ असतं, हात लागला की गेलं. त्या ढिगातले हाताच्या बोटांवर मोजण्याइतकेच जगले. दोन खुंट तर उलटे लावलेले निघाले. पानं काढून टाकलेल्या, दोन्हीकडून सरळ कापलेल्या जाड लाकडाची वरची बाजू कोणती, हे घाईत कळत नाही. (कोवळ्या सालीवर पानाच्या वणाच्या वर डोळा असतो, त्यावरून ओळखता येतं. जुन्या सालीवर वणच बुजलेला असतो.) तेव्हापासून आमच्याकडे खालचा काप आडवा आणि वरचा तिरका. करवत कुणाच्याही हातात असो, हा नियम मोडायचा नाही.

आता खुंट लावायचा दिवस म्हणजे सकाळपासून पाण्याच्या बादल्या आणि हातांना लावायला तेल. चीक एकदा वाळला की साबणाला दाद देत नाही, आणि काहींच्या कातडीला त्याने खाजही सुटते. कापलेलं टोक चीक थांबेपर्यंत पाण्यात धरायचं. करवतीने फाटलेली सालीची कड धारदार चाकूने गुळगुळीत तासायची, कारण कुज तिथूनच शिरते आणि मुळंही त्याच कडेतून यायची असतात. मग कडेला मुळं फुटायला मदत करणारी पावडर आणि खुंट जाड वाळू, कोकोपीट (नारळाच्या काथ्याचा भुसा) आणि परलाइट (हलके पांढरे खडे) यांच्या मिश्रणात. खालचा काप जितका सपाट, तितकी मुळं चहूबाजूंनी सुटायची शक्यता जास्त. पुढे बुंध्याच्या पायथ्याशी जो मुळांचा पसारा दिसतो, ज्याला बोन्सायवाले नेबारी म्हणतात, त्याचं नशीब या कापावर ठरतं. खुंट कुंडीला सुतळीने घट्ट बांधायचा, हलता कामा नये. वर प्लास्टिकची पिशवी, उबदार सावलीची जागा, हवा 25 ते 30 अंशांच्या आसपास. आणि प्रत्येकाला तारखेचा बिल्ला. वही माझ्या ताब्यात असते. पालवी फुटल्याची तारीख मी लिहितच नाही. कुंडीच्या भोकातून मूळ डोकावलं की मगच नोंद होते, आणि त्यानंतर पालवीचा आणखी एक बहर येऊन पानं पिकेपर्यंत तो खुंट विक्रीच्या मांडणीवर जात नाही.

या नियमाने पहिली दोन वर्षं हात फार आखडले. मांडणी निम्मी रिकामी असायची. गिऱ्हाईक मागच्या शेडमधली हिरवी झाडं बघून म्हणायचं, "ती काय शोभेला ठेवलीत?" दादाची चिडचिड व्हायची. त्या काळात साध्या शोभेच्या झाडांनी आम्हाला तारलं, हे कबूल करायला हवं.

जमिनीत वाढलेली झाडं छाटून घ्यायला आम्ही उशिराच सुरुवात केली. त्याचं गणित वेगळं. साधारण ठोकताळा असा, की बोन्सायची उंची बुंध्याच्या जाडीच्या सहापट. बुंधा 10 सेंटिमीटर असेल तर झाड 60 सेंटिमीटरचं, आणि पहिला काप त्याच्या तिसऱ्या हिश्श्यावर, म्हणजे 20 सेंटिमीटरवर. माणसाच्या उंचीचं झाड जेमतेम वीतभर ठेवायचं म्हणजे काळजाला जरा धाडस लागतं. कापाभोवती डोळ्यांची नुसती झुंबड उडते. सगळे ठेवले तर तिथे गाठ फुगते, बुंधा वर जाड आणि खाली बारीक दिसायला लागतो. म्हणून थोड्या आठवड्यांनी त्यातला एक शेंडा म्हणून निवडायचा आणि त्याला मोकळा सुटू द्यायचा. तो मीटरभर वाढला तरी कात्री लावायची नाही. तो जाड होतो तसा कापही भरत येतो. मग तोही कापायचा आणि त्यावर पुढचा. असं दोन-तीनदा केलं की बुंध्याला खालून वर निमुळतेपण येतं.

फायकसचीच दुसरी जात असलेल्या बेंजामिनाला मात्र हे सगळं लागू करू नका. त्याच्या फांदीवरचं शेवटचं पान काढलं की पुष्कळदा फांदीच वाळते. काप घेताना त्याच्या खाली एखादी पानांची डहाळी ठेवावीच लागते. हे आम्ही एका देखण्या झाडाच्या निम्म्या फांद्या घालवून शिकलो.

आज गिऱ्हाइकांचे फोन येतात त्यातले निम्मे "झाड गेलं" असे असतात. बाहेरचं झाड एकदम अंधाऱ्या दिवाणखान्यात नेलं की ते पानं झाडतं. मी विचारते, नखाने साल खरवडून बघितलीत का? खाली हिरवं दिसलं तर झाड जिवंत आहे, खिडकीशी न्या, आणि पानं नाहीत तोवर पाणी बेताने घाला. उलट दहातले सातजण पानं गळाली म्हणून पाणी वाढवतात आणि मग ते खरंच जातं.

काठीवाले काका मध्यंतरी पुन्हा आले. या वेळी काखेत नव्हतं, गाडीतून दोघांनी उतरवलं. त्यांच्या गच्चीवर वाढलेलं खांद्याएवढं फायकस, बुंधा चांगला भरलेला. म्हणाले, "कुठे कापायचं सांगा." दादाने मोजून खडूने रेघ मारली. काकांनी करवत घेतली, रेघेवर टेकवली, वर शेंड्याकडे पाहिलं आणि करवत परत दिली. झाड न कापताच घरी गेलं. परवा त्यांचा फोन होता. पावसात रेघ पुसली गेलीय, परत कुठे मारू?