डोळ्यांकडची करवंटी

दिवाळीला आलेला धाकटा भाऊ दुपारी जेवून खळ्यात शतपावली घालत होता. मध्येच माझ्या मिरचीच्या रोपांपाशी थबकला. "ताई गे, सुकली ही," म्हणाला, आणि थेट पाण्याचा पाईप ओढून आणला. चहाच्या कागदी कपांत दोन-दोन पानांची रोपं, आणि त्यांवर पंपाचा पाईप! मी खरकटी ताटं ओट्यावर टाकून धावले. मुंबईत त्याच्या खिडकीत तुळस आहे, तिला तो रोज भक्तिभावाने तांब्याभर पाणी घालतो. दर पावसाळ्यानंतर नवी तुळस आणतो, एवढंच सांगते.

त्याला दिसलं ते वरचं कोकोपीट, म्हणजे नारळाच्या सोडणांचा, वरच्या काथ्याच्या सालीचा भुसा. ते वरून भुरकट, कोरडं ठणठणीत दिसतं आणि बोट घातलं तर खाली ओलंच असतं. याच सोडणांनी आमच्या घरी पिढ्यानपिढ्या न्हाणीची चूल पेटली. आता त्यांचाच भुसा दाबून केलेली वीट मी बाजारातून विकत आणते, बादलीत भिजवते आणि फुगताना बघत बसते. असो.

छोट्या भांड्याची गंमत अशी, की त्याला भोक पाडलं तरी सगळं पाणी जात नाही. दोरीवर पंचा वाळत घाला, वरचा भाग वाळतो पण खालच्या काठाशी ओल धरून राहते ना, तसंच. माती तळाशी पाणी अडवून ठेवते. भांडं जितकं बुटकं, तितका ओल्या मातीचा वाटा जास्त, आणि नेमकी तिथेच मुळं जाऊन बसतात. मुळांना हवाही लागते, हे रोज पाणी घालणाऱ्यांच्या गावी नसतं. मग एके दिवशी सकाळी बघावं तर मातीलगत खोड सुतासारखं बारीक, पाणचट झालेलं, आणि वरची पानं हिरवीगार असूनही रोप आडवं. ही मर. बुरशीचं काम. आपल्याकडच्या दमट हवेत तिला फार आग्रह करावा लागत नाही. म्हणून पाणी सकाळीच. दिवेलागणीला घातलं की ती ओल रात्रभर तशीच राहते.

माझी आजी यातलं काही सांगायची नाही. तिच्याकडे एक करवंटी होती, डोळ्यांकडची. नारळाला डोळे तीन, पण मऊ एकच, कोंब तिथूनच येतो. तो मऊ डोळा तिने आतून टोकरून मोकळा केला होता. कळशीतून करवंटी भरायची, खालून भोकावर अंगठा दाबून धरायचा आणि रोपाशी उकिडवं बसून अंगठा जरासा ढिला करायचा. सुतळीएवढी धार पडायची, तीही खोडावर नाही, कडेला. अंगठा परत दाबला की धार बंद. मला ती करवंटी हातात मिळावी म्हणून मी तिच्या मागे मागे फिरायचे. मिळाली की माझा अंगठा कसला थांबतोय! एका वाफ्यात तळं. आजी ओरडायची नाही, नुसतं विचारायची, "तान त्येका लागली काय तुका?" तहान त्याला लागली की तुला?

उत्तर अजून नीट देता येत नाही. पाणी घालताना बरं वाटतं, हे मात्र खरं. हातून काहीतरी झाल्यासारखं वाटतं. काही न करता रोपाकडे नुसतं बघत उभं राहणं फार जड जातं.

आणि आम्हा कोकणातल्यांना पाण्याचं मोजमाप शिकवणार कोण? वर्षाला ३००० मिलिमीटरहून जास्त पाऊस, तोही जवळजवळ सगळा चार महिन्यांत. जूनमध्ये तरवा, म्हणजे लावणीसाठी भाताची रोपं, पेरतात, त्याला कोणी झारीने पाणी घालतं का? काकडी, पडवळ, दोडकी टोकून दिली की पुढचं आभाळ बघतं. मग पाऊस जातो, जांभ्या दगडातून पाणी झिरपून निघून जातं, आणि मे महिन्यात विहिरीचा तळ दिसायला लागला की तीच माणसं कळशी-कळशीचा हिशेब करतात. वायंगणी मिरची, म्हणजे पावसाळा सरल्यावर लावलेली, या दोन टोकांच्या मधे येते.

वेंगुर्ल्याकडच्या एका रोपवाटिकेत काजूची कलमं आणायला गेले होते. काळ्या पिशव्यांच्या रांगांमधून एक मामा फिरत होते. दोन बोटांत पिशवीचा कान धरून किंचित उचलायची, खाली ठेवायची, पुढे. उचललेली हलकी लागली तरच पाणी. मातीकडे बघतसुद्धा नव्हते. तेव्हापासून मीही कप उचलून बघते. हलका लागला तर परातीत बोटभर पाणी घेऊन त्यात ठेवते. खालच्या भोकातून माती आपली आपण पाणी ओढते, वरची माती काळपट झाली की बाहेर. परातीत विसरायचा मात्र नाही. घरातल्यांना हे सोवळं वाटतं. वाटू दे.

पण एक गोष्ट सांगायलाच हवी. शेजारच्या वहिनी आईस्क्रीमच्या डब्यात रोपं करतात. डब्याला भोक आहे की नाही, त्यांनाच ठाऊक. तांदूळ धुतले की धुवण त्यात, भाजी धुतली की ते पाणी त्यात, आणि दुपारी कोणी पाहुण्याने अर्धा पेला उष्टा ठेवला तर तोही त्यातच. वेळ नाही, माप नाही, अंगठा नाही. मी अनेकदा वाकून पाहिलंय. तळाशी पुळणीची रेती घालत असतील, नाहीतर डबा उन्हात असतो म्हणून निभावत असेल, असं मी मला समजावते. त्यांची मिरची शिमग्यापर्यंत तोडून संपत नाही. काल पसाभर मलाच देऊन गेल्या.