दिंडीच्या ओळीतून टिपलेली काही छायाचित्रे

आळंदी ते पंढरपूर ही वाट मी 2023 साली पहिल्यांदा पूर्ण चाललो. त्याआधी दोन-तीन वेळा दिवे घाटातील वरच्या वळणावर दिवसभर उभे राहून मी छायाचित्रे काढली होती आणि त्यालाच वारीचे छायाचित्रण समजत होतो. त्या वर्षी परिचयाच्या एका गृहस्थांच्या दिंडीत नाव नोंदवले, तेव्हा दिंडीप्रमुखांनी एकच अट घातली की, चालताना ओळ सोडायची नाही. माउलींच्या रथापुढे 27 दिंड्या चालतात, रथामागे त्याहून कितीतरी अधिक, आणि प्रत्येकीचा क्रम ठरलेला असतो. त्यामुळे एखादे दृश्य दिसले म्हणून पुढे धावावे, झाडावर चढावे किंवा कुणाच्या गच्चीवर जावे, ही छायाचित्रकाराची नेहमीची सोय मला उरली नाही. माझी आवडती छायाचित्रे या अडचणीतूनच निघाली आहेत, म्हणून ती कशी काढली हे सांगताना अडचणीही सांगाव्या लागतील.

निघताना पिशवीत 70-200 मिलिमीटरची मोठी लेन्सही होती. आळंदीहून पुण्याला पोहोचेपर्यंत तिने खांदा इतका दुखवला की, मी ती दिंडीच्या सामानाच्या ट्रकमध्ये टाकली आणि ती पंढरपूरपर्यंत तिथेच राहिली. पुढची सर्व चित्रे गळ्यात अडकवलेल्या एका कॅमेऱ्यावर आणि 35 मिलिमीटरच्या लेन्सवर काढली. या लेन्सने माणूस मोठा दिसायला हवा असेल तर त्याच्याजवळच जावे लागते, आणि जवळ गेल्यावर “माउली, फोटो काढू का?” असे विचारल्याशिवाय चालत नाही. बहुतेकांनी हसून मान डोलावली, काहींनी हातानेच नको म्हटले, आणि नको म्हणणाऱ्यांपैकी दोघे संध्याकाळी तंबूत स्वतःहून शेजारी येऊन बसले.

पुणे ते सासवड हा टप्पा एकादशीचा, म्हणजे उपवासाचा, आणि त्यातच दिवे घाटाची चढण. त्या वर्षी पाऊस लांबल्यामुळे 14 जूनला घाटात कडक ऊन आणि धूळ होती. उन्हात पांढरी धोतरे, सदरे आणि टोप्या यांनी चौकट भरली की कॅमेऱ्याचा प्रकाशमापक त्या पांढऱ्याला करडे समजतो आणि सारे चित्र काळवंडून टाकतो. म्हणून मी प्रकाशाचे प्रमाण (एक्स्पोजर) एका स्टॉपने, म्हणजे दुपटीने, वाढवून ठेवले होते. पांढऱ्यातील थोडे तपशील गेले तरी चालतील, पण टोपीखालचा रापलेला चेहरा जाता कामा नये, असा माझा हिशेब होता. चेहरे टिपण्याची ही सगळी तयारी केली आणि चेहरा एकही मिळाला नाही, कारण ओळीत चालणाऱ्याला पुढच्याची पाठच दिसते. खाली मस्तानी तलाव, वर नागमोडी रस्ता, रथाला जोडलेल्या जादा बैलजोड्या, हे सर्व वरच्या कठड्यावरून दिसते हे मला पूर्वानुभवाने ठाऊक होते, त्यामुळे पहिला तासभर मी मनातून कुढतच चाललो. मग माझ्यापुढे डोक्यावर तुळशीवृंदावन घेऊन चालणाऱ्या एका आजींच्या मानेकडे लक्ष गेले. चढणीवर प्रत्येक पावलाला मानेची शीर ताणली जाई, वृंदावन मात्र जराही हलत नव्हते. मी त्यांच्या पावलाशी पाऊल जुळवले, कॅमेरा छातीशी धरून सुमारे पाऊण तासात तीसेक चित्रे काढली, आणि त्यांतील एकाच चित्रात घामाने ओली मान, वृंदावनाला बांधलेली पिवळी चिंधी आणि वर पांढुरके आकाश एवढेच आले. गर्दी त्यात नाहीच. दिवे घाटाचे मला आवडणारे चित्र तेच.

जेजुरीला पालखीवर भंडारा उधळला जातो. तेथील चित्रे रंगीत आहेत आणि सर्वांना आवडतात. मला ती फारशी आवडत नाहीत, कारण तिथे भंडाऱ्याने सगळे काम केले आणि मी फक्त बटण दाबले. नीरेच्या स्नानाचे एकही चित्र माझ्याकडे नाही. पादुका नदीत उतरवल्या तेव्हा माझ्यापुढे केवळ डोकी होती.

तरडगावच्या अलीकडे चांदोबाचा लिंब येथे पहिले उभे रिंगण होते. वारकरी दोन रांगांत समोरासमोर उभे राहतात आणि मधल्या मोकळ्या पट्ट्यातून आधी स्वाराचा अश्व आणि त्यापाठोपाठ स्वार नसलेला माउलींचा अश्व धावतो. मी शटर सेकंदाच्या चाळिसाव्या भागावर ठेवून, धावत्या घोड्याबरोबर कॅमेरा फिरवून, मागची गर्दी पुसट आणि घोडा ठळक असे चित्र काढण्याचे ठरवले होते. मोकळ्या मैदानात हे साधते. इथे दोन्ही बाजूंनी खांद्याला खांदा भिडलेला असताना कॅमेरा फिरवायला जागाच नव्हती. घोडा माझ्यापासून चार हातांवरून गेला आणि चित्रात एक तपकिरी फराटा तेवढा उरला. परतीच्या फेरीसाठी मी शटर घाईघाईने हजाराव्या भागावर नेले, आणि त्या वेळी शेजारच्या माउलींनी घोड्याला हात लावण्यासाठी पुढे केलेला हात लेन्ससमोर आला.

घोडे गेले आणि मी खिन्न होऊन कॅमेरा खाली केला. त्याच क्षणी दोन्ही रांगा मोडल्या आणि माणसे वाकली. अश्वाच्या टापांखालची माती कपाळाला लावण्यासाठी शेकडो हात एकाच वेळी जमिनीकडे गेले होते. शटर हजाराव्या भागावरच होते, ते बदलायला वेळ नव्हता. मी गुडघ्यावर बसून जमिनीलगत कॅमेरा धरला आणि न पाहताच चार चित्रे काढली. तिसऱ्या चित्रात एका म्हाताऱ्या बोटांच्या चिमटीतून सुटणारे मातीचे कण हवेत थांबलेले आहेत. घोड्यासाठी ठेवलेला वेग मातीच्या उपयोगी पडला. पुढे सदाशिवनगरच्या गोल रिंगणात घोड्याचे चित्र मनासारखे निघाले, तरी ते मी कुणाला फारसे दाखवत नाही.

रात्रीच्या छायाचित्रणात मला सर्वाधिक शिकवले ते समाजआरतीने. मुक्कामी सर्व दिंड्या पालखीभोवती जमतात, टाळमृदंगाचा एकच कल्लोळ चाललेला असतो, आणि पालखीची शिस्त सांभाळणाऱ्या चोपदारांनी हातातील दंड उंचावला की तो क्षणात थांबतो. ज्या दिंडीची काही तक्रार असेल तिचे टाळ तेवढे वाजत राहतात, मग चोपदार तिच्याकडे जाऊन विचारपूस करतात. पहिल्या रात्री मी त्या शांततेतच बटण दाबले. कॅमेऱ्याचा खटका एवढा मोठा वाजला की, चार-पाच जणांनी वळून पाहिले. मला वाटले, आता आमचीही काही तक्रार आहे की काय म्हणून चोपदार इकडेच येणार. दुसऱ्या दिवसापासून शटर मूक करून ठेवले. लोणंदच्या मुक्कामी छिद्र पूर्ण उघडून, संवेदनशीलता (आयएसओ) 3200 वर नेऊन, श्वास रोखून सेकंदाच्या तिसाव्या भागाचे एक चित्र घेतले. त्यात दंड अस्पष्ट आहे, चोपदार तर अंधारातच आहेत, पण पुढच्या वारकऱ्याच्या हातातील दोन टाळ एकमेकांपासून बोटभर अंतरावर थबकले आहेत. जाणकार मित्रांनी या चित्रातील दाणेदारपणाबद्दल नाके मुरडली, ते मला मान्य आहे. कमी प्रकाशात याहून स्वच्छ चित्र माझ्या कॅमेऱ्याने दिले नसते.

घाटातील चित्र मी वाल्ह्याच्या मुक्कामी त्या आजींना कॅमेऱ्याच्या पडद्यावर दाखवले होते. त्यांनी चिंधी लगेच ओळखली, आणि नंतर बराच वेळ पडदा न्याहाळून विचारले, “तुळस आमची खरी, पण मान कुणाची, हो?” स्वतःची पाठमोरी मान त्यांनी कधी पाहिली नव्हती. वारीनंतर मी चित्र छापून त्यांच्या गावी टपालाने पाठवले. आठवड्याभराने त्यांच्या मुलाचा फोन आला, मागून आजींचा आवाज ऐकू येत होता, “त्यांना सांग, तुळशीचा फोटो पोचला.”