फरकाच्या चित्रात दिसलेला काठ

एका जुन्या कृष्णधवल मराठी चित्रपटाची ३५ मिमी निगेटिव्हवरून काढलेली स्कॅन प्रत ऑनलाइन प्रसारणासाठी एन्कोड करण्याचे, म्हणजे लहान फाइलमध्ये बसवण्याचे, काम माझ्याकडे होते. पहिली प्रत पाहताना चित्राचा रंग-उजेड जुळवणाऱ्या आमच्या कलरिस्ट काकांनी चित्र थांबवले. "बाईंचा चेहरा मेणाचा झालाय रे. आणि मागची भिंत बघ." कंदिलाचा उजेड भिंतीवर हळूहळू मावळायला हवा होता, तिथे पट्टे पडले होते.

फिल्मवरील ग्रेन, म्हणजे चित्रभर दिसणारा बारीक रवाळपणा, प्रत्येक फ्रेममध्ये वेगळा असल्यामुळे आधीच्या फ्रेमवरून पुढचीचा अंदाज बांधण्याची कोडेकची (व्हिडिओ लहान करणाऱ्या प्रणालीची) युक्ती त्याच्यापुढे चालत नाही, आणि बिट अपुरे पडले की आधी तोच पुसला जातो. बिटरेट, म्हणजे दर सेकंदाला मिळणारे बिट, वाढवल्यावर तो काही फ्रेममध्ये दिसे आणि पुढच्या फ्रेममध्ये विरघळे, जे डोळ्यांना अधिकच खुपत होते.

म्हणून एव्ही१ या कोडेकमधील ग्रेन सिंथेसिस वापरले. त्यात ग्रेन काढलेले चित्र एन्कोड होते, ग्रेनचा पोत आणि कोणत्या उजळपणाला तो किती ठळक हे सांगणारे थोडे आकडे सोबत जातात, आणि डिकोडर त्यांवरून नवा ग्रेन घडवून चित्रावर चढवतो. भिंत सुधारली. मात्र काकांनी लगेच विचारले, "लुगड्याचं विणकाम कुठे गेलं?"

मूळ आणि स्वच्छ केलेल्या फ्रेममधला फरक मी मोठा करून पाहिला. तिथे केवळ ग्रेन दिसायला हवा होता. पण पदराचा काठ स्पष्ट ओळखू येत होता, म्हणजे ग्रेन काढणाऱ्या डीनॉइझ प्रक्रियेने विणकामालाच ग्रेन समजून काढून टाकले होते. दुपारभर मी डीनॉइझ सौम्य करत गेलो आणि फरकात काठ दिसेनासा झाल्यावरच त्यावरून ग्रेनचा तक्ता, म्हणजे सोबत जाणारे ते आकडे, तयार केला.

नव्या प्रतीचा व्हीमॅफ गुण (मूळ चित्राशी ताडून दर्जा मोजणारा आकडा) मात्र घसरला. घडवलेला ग्रेन मूळ ग्रेनशी पिक्सेलला पिक्सेल जुळत नाही आणि मोजमाप त्याला चूकच धरते, हे तपासणी अहवालात सविस्तर लिहून मी ग्रेन बंद ठेवून, स्वच्छ प्रतीशी ताडलेला गुणही जोडला. केवळ आकड्यासाठी ती मेणाची प्रत पाठवणे मला मान्य नव्हते.

चौथे रीळ ड्यूप निगेटिव्हवरून, म्हणजे मूळ निगेटिव्हच्या नकलेवरून, आले होते आणि त्याचा ग्रेन जाडसर होता. त्याच्यासाठी वेगळा तक्ता करावा लागला, आणि काका रात्री साडेनऊपर्यंत माझ्यासोबत फरकाच्या चित्रात काठ शोधत बसले.