पुढचं स्प्रॉकेट १३ दातांचं झालं, आता मीटर जागेवर आणलं: सीबीआर २५० आर, परतवाडा

पोळ्याच्या सुमारास माझ्या होंडा सीबीआर २५० आरचं पुढचं स्प्रॉकेट, म्हणजे चेन ओढणारं दातेरी चाक, १४ वरून १३ दातांवर आणलं, मागचं ३८ चंच ठेवलं. गाडी आता आपल्या भागाला शोभेल अशी चालते. परतवाड्याहून चिखलदऱ्याचा घाट चढताना वळणातून बाहेर पडल्यावर इंजिन रडत नाही, आणि वावराकडे जाणाऱ्या पांदणीत पहिल्या गिअरवर सारखा क्लच दाबून धरावा लागत नाही. सपाट रस्त्यावर टॉप गिअरमध्ये जिथे ५००० आरपीएम असायचे तिथे आता ५४०० च्या जवळपास असतात. मला ते चालतं, कारण माझं निम्मं फिरणं मेळघाटातच असतं. मागे ४१ दात लावूनही जवळजवळ हाच रेशो (मागच्या-पुढच्या दातांचं गुणोत्तर) मिळतो. पुढचं स्प्रॉकेट लहान झालं की चेन जास्त आवळून वळते आणि स्विंगआर्मवरच्या (मागचं चाक धरणाऱ्या दांड्यावरच्या) रबरी पट्टीला अधिक घासते, त्यामुळे लांबच्या हिशेबाने ४१ चं मागचं बरं. पण १३ चं पुढचं स्वस्त पडतं, त्याच चेनवर बसतं आणि नको वाटलं तर तासाभरात काढता येतं.

राहिलं होतं ते मीटर. आमचे मिस्त्री पहिल्याच दिवशी म्हणाले होते, "एक दात कमी केला तं मीटर जास्त दाखवनच नं, भाऊ."

ते या गाडीला लागू आहे, सगळ्यांना नाही. आपल्या गाडीला लागू आहे का, हे बघायला गाडी स्टँडवर घ्या, चावी चालू करा, न्यूट्रलमध्ये मागचं चाक हाताने जोरात फिरवा. मीटरवर आकडा हलला तर सेन्सर गिअरबॉक्सवर किंवा मागच्या चाकावर आहे. पुढचं चाक फिरवल्यावर हलत असेल तर सेन्सर किंवा केबल पुढच्या हबवर आहे, आणि मग स्प्रॉकेट कितीही बदला, मीटरला त्याची खबरही लागत नाही. केबलवाल्या जुन्या बुलेट, स्प्लेंडर या सगळ्या त्यातल्या. सीबीआरचा सेन्सर गिअरबॉक्सवर आहे. तो चाकाचे फेरे मोजत नाही, गिअरबॉक्समधून बाहेर येणारे फेरे मोजतो आणि त्यांचे विजेचे ठोके, म्हणजे पल्स, मीटरकडे पाठवतो.

आता आकडे. ३८ भागिले १४ म्हणजे २.७१४, आणि ३८ भागिले १३ म्हणजे २.९२३. चाकाच्या त्याच एका फेऱ्यासाठी पुढचं स्प्रॉकेट बसलेली शाफ्ट आता १४/१३ पट फिरते, म्हणजे ७.७ टक्के जास्त. तेवढाच स्पीड फुगतो आणि तेवढेच किलोमीटर. पण वाढ ७.७ टक्के असली तरी दुरुस्ती ७.१ टक्क्यांची करायची असते, कारण कमी करायचं ते वाढलेल्या आकड्यातून: १३ भागिले १४ म्हणजे ०.९२८६. सेन्सर आणि मीटरच्या मधे बसून आकडा दुरुस्त करणारी, हीलटेकच्या स्पीडोहीलरसारखी तयार डबी घेतली आणि त्यात उणे ७.७ भरलं, तर मीटर सव्वाशे किलोमीटरमागे पाऊण किलोमीटर कमी मोजणार.

याहून महत्त्वाचा प्रश्न म्हणजे मीटर कशाला जुळवायचं. १४ दातांवर जीपीएसमध्ये ६० असताना माझं मीटर ६४ दाखवायचं. १३ दातांवर ६९ दाखवायला लागलं. साहजिकच वाटतं की डबी बसवतोच आहोत तर ६९ चे सरळ ६० करून टाकावेत. तसं करू नका, आणि का ते सांगतो.

मीटरवरचा स्पीड कंपन्या मुद्दाम थोडा वाढवून ठेवतात. संयुक्त राष्ट्रांचा ३९ क्रमांकाचा वाहन नियम सांगतो की मीटरने खऱ्यापेक्षा कमी स्पीड कधीच दाखवायचा नाही. जास्त दाखवला तर मंजुरीच्या चाचणीत खऱ्या स्पीडचा दहावा भाग अधिक ताशी ४ किलोमीटर एवढी सूट. म्हणजे ६० ला ७० पर्यंत चालतं. हा फुगवटा मीटरच्या आत, फक्त स्पीडच्या आकड्यात घातलेला असतो. ओडोमीटर, म्हणजे चाललेले एकूण किलोमीटर दाखवणारा भाग, त्याच पल्स मोजतो, पण फुगवट्याशिवाय. दर्यापूरकडच्या सपाट, सरळ रस्त्यावर मैलाच्या दगडांवरून मी ते पाहिलं. रस्ता रुंद करताना एखादा दगड इकडेतिकडे झालेला असू शकतो, म्हणून लांब टप्पा घेतला. १४ दातांवर १० किलोमीटरला ओडोमीटर १०.० दाखवायचा, १३ वर १०.८.

आता बाहेरून लावलेली डबी पल्सच कमी करते, म्हणजे स्पीड आणि किलोमीटर दोन्ही एकदमच खाली येतात. ६९ चे ६० केले की ओडोमीटर १० किलोमीटरला ९.४ मोजणार. शंभर किलोमीटर चाललात की सहा गायब. ॲव्हरेज खोटं येणार, सर्व्हिस उशिरा होणार, आणि उद्या गाडी विकली तर घेणाऱ्याला कमी चाललेली गाडी म्हणून खोटा आकडा दिल्यासारखं होणार. म्हणून माझं मत पक्कं आहे: ओडोमीटर खरा ठेवा, म्हणजे दातांचं गुणोत्तर जसंच्या तसं टाका, आणि स्पीडमधला कंपनीचा चार किलोमीटरचा फुगवटा राहू द्या. ऑइल मात्र मी पुस्तकात दिलेल्या किलोमीटरच्या थोडं आधीच बदलतो, कारण खऱ्या किलोमीटरमागे इंजिन आता जास्त फिरतं.

जीपीएस तपासायचा तर मोकळ्या आभाळाखाली, सरळ रस्त्यावर, एकाच वेगात. सेमाडोहच्या बाजूला सागाच्या दाटीत आणि घाटातल्या वळणांवर मोबाइलचा आकडा उड्या मारतो. तिथल्या रीडिंगवरून काही ठरवू नका.

डबी मी घरीच केली. आत अर्डुइनो नॅनो (कोड टाकून चालवायचा छोटा बोर्ड), १२ व्होल्टचे ५ करायला ७८०५ रेग्युलेटर, त्याच्या आधी उलट्या जोडणीपासून वाचवायला एक १एन४००७ डायोड, आणि मीटरकडे पल्स द्यायला एक बीसी५४७ ट्रान्झिस्टर, जो सिग्नलची तार जमिनीला ओढतो. मूळ वायरिंग कापलेली नाही. मीटरच्या कपलरमधून फक्त सिग्नलची पिन बारीक सुईने कुलूप दाबून बाहेर काढली आणि मधे डबी घातली. सेन्सरची तार ईसीएमकडेही (इंजिनच्या कॉम्प्युटरकडे) जात असेल तर ती फांदी तशीच राहते, तिला हात लावायचा नाही. पिन काढल्यावर सेन्सरच्या बाजूची तार मल्टीमीटरवर धरा आणि मागचं चाक हळूहळू फिरवा. व्होल्टेज वरखाली होत नसेल तर पुल-अप, म्हणजे सिग्नलची तार वरच्या व्होल्टेजला धरून ठेवणारा रेझिस्टर, मीटरच्या आत होता आणि पिनसोबत तोही सुटला असं समजा. तो डबीत द्यावा लागतो, १० किलोओहमचा रेझिस्टर पुरतो. आणि पल्स ५ व्होल्टची आहे की १२ ची, ते आधी बघा. १२ असेल तर दोन रेझिस्टरने भागून घेतल्याशिवाय नॅनोच्या पिनला लावू नका.

कोडबद्दल थोडं सविस्तर सांगतो, कारण खरी गंमत तिथेच आहे. सोपा मार्ग म्हणजे १४ पल्स आल्या की १३ पुढे सोडायच्या, एक गाळायची. हिशेब बरोबर येतो, पण गाळलेल्या जागी दुप्पट अंतर पडतं आणि मीटरचा आकडा थरथरू शकतो. म्हणून मी दोन पल्समधला वेळ मोजतो, त्याला १४ ने गुणून १३ ने भागतो आणि तेवढ्या वेळाने नवी पल्स बनवतो. सगळ्या पल्स सारख्या अंतराच्या येतात. ब्रेक मारताना किंवा पिकअप घेताना यात किंचित मागेपुढे होतं, त्यासाठी कोडमध्ये किराणा दुकानातल्या उधारीच्या वहीसारखं एक खातं ठेवलं आहे: आत येणारी प्रत्येक पल्स १३ जमा करते, बाहेर जाणारी १४ खर्च करते. शिल्लक वाढली की पुढची पल्स जरा लवकर सोडायची, घटली की जरा उशिरा. त्यामुळे किलोमीटर कुठेच गळत नाहीत. अर्ध्या सेकंदात पल्स आली नाही तर गाडी थांबली असं धरून आउटपुट बंद. नाहीतर उभ्या गाडीचं मीटर चालूच राहायचं.

नॅनोच्या घड्याळाबद्दल कुणी विचारेल. स्वस्त बोर्डावर क्रिस्टलऐवजी सिरॅमिक रेझोनेटर असतो, त्याची अचूकता कमी, आणि उन्हात तो आणखी सरकतो. इथे त्याने फरक पडत नाही. वेळ मोजणारं आणि वेळ बनवणारं घड्याळ एकच आहे, ते जितकं चुकेल तितकं दोन्हीकडे चुकतं आणि भागाकारात कटून जातं. टेबलावर दुसऱ्या बोर्डाने १४० हर्ट्झ दिले, बाहेर १३० निघाले. हेअर ड्रायरने गरम करूनही गुणोत्तर हललं नाही.

डबी सीटखाली आहे, इंजिनच्या धगीपासून लांब. प्लास्टिकच्या लहान डब्यात बोर्ड ठेवून वरून सिलिकॉन भरलं. तारा खालच्या बाजूने बाहेर काढल्या, म्हणजे गाडी धुताना पाणी तारेवरून आत उतरत नाही.

बसवल्यानंतरचं रीडिंग: जीपीएसवर ६० ला मीटर ६४, आणि दर्यापूर रस्त्याच्या त्याच दगडांवर १० किलोमीटरला १०.०. म्हणजे कारखान्यातून आली तेव्हा होती तशीच. आकडा स्थिर आहे, सिग्नलवर थांबलो की लगेच शून्यावर येतो. टायरचा विचार मात्र सोडू नका. मागच्या १४०/७० १७ चा व्यास साधारण ६२८ मिलिमीटर, आणि नक्षी सहा मिलिमीटर झिजली की घेर जवळजवळ दोन टक्क्यांनी कमी होतो. त्यामुळे जुन्या टायरवर मोजून अर्ध्या टक्क्यासाठी कोड बदलत बसण्यात अर्थ नाही.

आता दोन कामं बाकी आहेत. डबीवर एक जंपर (दोन पिना जोडणारी छोटी टोपी) द्यायचा, म्हणजे १४ चं स्प्रॉकेट परत लावलं की पल्स जशाच्या तशा पुढे जातील आणि कोड बदलावा लागणार नाही. आणि सिग्नलच्या तारेवर सर्जपासून वाचवणारा टीव्हीएस डायोड अजून लावलेला नाही, तो अमरावतीहून आणायचा आहे. ज्यांच्याकडे ही गाडी आहे त्यांनी आपल्या मीटरच्या सिग्नलचं व्होल्टेज मोजून कळवलं तर सर्किट सगळ्यांसाठी एकसारखं करता येईल.